तीन मजली ड्रेस : सांगलीतल्या एका शिलाई दुकानाच्या नोंदी

२८ जून

भिशीच्या सातजणी आज दुपारी एकदमच दुकानात आल्या. पंख्याखाली दोनच स्टुलं, त्यामुळे पाचजणी उभ्या. सप्टेंबरात कास पठारावर फुलं बघायला जायचं ठरलंय, आणि सगळ्यांनी एकाच कापडाचे एकसारखे ड्रेस घालायचे. एकीनं फोनवर फोटो दाखवला: छातीखालून सुटलेला, खालपर्यंत तीन थर, प्रत्येक थराला चुण्या. "ह्याला टियर ड्रेस म्हणतात," ती म्हणाली. भिशीच्या म्होरक्या काकूंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "तीन मजली आहे की गं!" तेव्हापासून दुकानात त्याचं नाव तीन मजलीच.

ऑर्डर तिथल्या तिथं घेऊन टाकणार होते. पण बाकीच्या पायऱ्या उतरल्यावर शाळेतल्या बाई मागं रेंगाळल्या. गेल्या वर्षी त्यांनी असाच एक रेडिमेड घेतला होता. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "काय, गोड बातमी?" बाईंचं वय अठ्ठेचाळीस. त्या ड्रेसचे नंतर उशांचे अभ्रे झाले.

"मला बरं दिसेल का हो ते?" बाईंनी विचारलं. एकवीस वर्षं मशीनवर बसते, पण छातीठोक उत्तर देता आलं नाही. थरांचे फ्रॉक ढिगानं शिवलेत, ते सगळे दहा वर्षांखालच्या मुलींचे. त्या वयात कमरेला काही अर्थच नसतो. म्हटलं, पंधरा दिवस द्या, आधी करून बघते.

भाची वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवताना म्हणाली, "मावशी, मग हा तुझा प्रोजेक्ट. तारीख टाकून लिहीत जा." म्हणून ही वही. पहिल्या चार पानांवर दूधवाल्याचा हिशेब आहे, तो राहू दे.

३० जून

मापं. एरवी आम्ही कंबर, सीट, उंची घेतो आणि खडू उचलतो. ह्या वेळी एक माप जास्तीचं घेतलं: कमरेपासून खाली किती इंचांवर ती बाई सगळ्यात रुंद आहे. एक टेप कमरेवरून सरळ खाली सोडायचा, दुसरा आडवा धरून सरकवत न्यायचा आणि जिथं आकडा सगळ्यात मोठा येईल तिथं थांबायचं.

सातजणींत हे माप ७ पासून ११ इंचांपर्यंत निघालं. डॉक्टरांच्या वहिनींची सीट ४६, ती ९ इंचांवर. शाळेतल्या बाई ४ फूट १०, त्यांची ७ वरच, आणि पोट सीटपेक्षा पुढं. बँकेतल्या ताई ५ फूट ७, अंगानं काडी, त्यांची ११ वर. म्हणजे एकाच मापाच्या थरांचे सात ड्रेस शिवले असते तर चुण्यांची शिवण प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्याच जागी बसली असती. "एकसारखे ड्रेस" ह्या शब्दातच घोळ आहे.

काकूंनी माप देताना श्वास आत ओढून धरला. मीही टेप तसाच धरून बसले. शेवटी त्यांनाच सोडावा लागला.

दुकानातला पुतळा ह्या कामाला बाद. त्याला पोटच नाही.

२ जुलै

थरांचा सगळा खेळ गुणाकाराचा. वरच्या थरापेक्षा खालचा किती पट रुंद, तेवढ्या त्याला चुण्या. सीट ४२, चालायला ६ इंच सैल, म्हणून वरचा थर ४८ धरला. सव्वापटीनं गेलं तर ४८, ६०, ७५. दीडपटीनं ४८, ७२, १०८. दुपटीनं ४८, ९६, १९२. शेवटचा आकडा मी दोनदा तपासला. १९२ इंच म्हणजे साडीहून जेमतेम दीड हात कमी, आणि तो सगळा घेर पोटऱ्यांभोवती.

कापड: उंची ३६, थर १०, १२ आणि १४ चे, ४४ चा पन्ना (कापडाची रुंदी), पट्ट्या आडव्या काढायच्या. सव्वापटीला दोन मीटर, दीडपटीला दोन मीटर चाळीस, दुपटीला साडेतीन मीटर. माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, धरून. (फक्त स्कर्टचं. वरचा भाग वेगळा.)

फोटोतला ड्रेस दुपटीचा असावा. फोटोतली मुलगी वाऱ्यावर उभी होती आणि तिच्या अंगावर मांस नव्हतं.

५ जुलै

चाचणीचा स्कर्ट तयार. इचलकरंजीचं साधं पांढरं कॅम्ब्रिक, शिलकीतलं. वरचा थर मुद्दाम १८ इंच लांब ठेवला आणि त्यावर खडूनं रेघा मारल्या: ७, १०, १३, १६. खालची झालर कुठल्याही रेघेवर वरून नुसती टाचायची, बघायचं, उसवायचं, दुसरीकडं टाचायची. झालरी तीन केल्यात, सव्वापटीची, दीडपटीची, दुपटीची.

चुण्यांना दोन कच्च्या टिपा घातल्या, टाक्याची लांबी ५ वर, दोहोंत पाव इंच अंतर. ओढायचा तो बॉबिनचा, म्हणजे खालचा दोरा. हाताखालच्या मुलीनं एकच टीप घालून वरचा दोरा ओढला, दीडपटीच्या झालरीत मध्येच तुटला, सगळ्या चुण्या सुटल्या. तिला म्हटलं, चार भाग कर, प्रत्येक भागाला खूण कर, आणि एका वेळी एकाच भागाचा दोरा ओढ. परत केलं. ह्यात दुपार गेली.

९ जुलै

डॉक्टरांच्या वहिनी आल्या. बोलायला मोकळ्या, म्हणून पहिला प्रयोग त्यांच्यावर.

फोटो कसा काढायचा हे आधी ठरवून घेतलं, कारण आरशासमोर प्रत्येक बाई स्वतःला सावरून घेते. बारा फुटांवर फरशीवर चिकटपट्टी लावली. फोन कमरेच्या उंचीला धरायचा, वरून काढला की पाय आखूड येतात. समोरून, बाजूनं, मागून. मग फोटो काळापांढरा करायचा, म्हणजे डोळा रंगाकडं जात नाही, आकाराकडं जातो.

दुपटीची झालर, १० च्या रेघेवर. वहिनी ९ इंचांवर सगळ्यात रुंद, झालरीची शिवण बरोबर तिथंच आणि शिवणीखालून चुण्या फुगून बाहेर. मागचा फोटो बघून त्याच म्हणाल्या, "अगं बाई, दार अडवून उभी राहिलेय मी." फोटोवर पट्टी ठेवून हिशेब केला, तर शिवणीखाली दोन्ही बाजूंना मिळून चार इंच वाढलेले.

७ च्या रेघेवर टाचली. आणखी वाईट. चुण्या सीटच्या वरच सुरू होतात आणि सीटवरूनच घरंगळतात. म्हणजे जिथं आधीच भर आहे तिथंच कापडाची भर.

१३ वर आणली आणि वहिनी एकदम गप्प झाल्या. सीट वरच्या सपाट थरात गेली, कापड तिच्यावरून सरळ खाली आलं आणि घेर सुरू झाला तो रुंदी संपल्यावर. तीच झालर, तेच कापड, तीच बाई. तीन इंच खाली सरकवलं, एवढंच केलं. मग दुपटीची काढून दीडपटीची लावली, आणखी बरं.

१६ वर मात्र परकराला झालर लावल्यासारखं दिसायला लागलं.

वहिनी गेल्यावर ते तीन फोटो शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघत बसले. पहिली शिवण रुंद जागेच्या खाली तीन ते चार इंच. वहीत चौकट करून लिहिलं.

१० जुलै

काल एक गोष्ट लिहायची राहिली. शिवणीची आतली माया कुठल्या बाजूला दाबायची ह्यानं फार फरक पडतो. खाली, झालरीच्या बाजूला दाबली की ती आतून चुण्यांना ढकलते आणि त्या उभ्या राहतात. वरच्या सपाट थराकडं दाबून इस्त्री केली, वरून एक बारीक टीप मारली, तर चुण्या मान खाली घालून पडतात. मुलींच्या फ्रॉकला आम्ही आजवर माया खालीच दाबत आलो, कारण तिथं फुगायलाच हवं असतं. हाताला तीच सवय. मोठ्या बाईच्या ड्रेसला तीच सवय नडते.

१४ जुलै

भाचीचा वाद. ती म्हणते, आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतं हे खोटं आहे. हेल्महोल्ट्झ नावाचा जर्मन शास्त्रज्ञ होता, त्यानं १८६७ च्या ग्रंथात दोन चौकोन दिलेत, सारख्याच मापाचे, एकात उभ्या रेघा, एकात आडव्या. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि चिंचोळा वाटतो. तिनं कागदावर काढून दाखवला. खरंच वाटतो. २०११ साली इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठातल्या दोघांनी तेच बायकांच्या चित्रांवर तपासलं, आणि आडव्या पट्ट्यांनी बाई रुंद दिसत नाही असंच निघालं.

मी म्हटलं, हे छापलेल्या पट्ट्यांचं झालं. शाईला जाडी नसते. माझ्या शिवणीला आहे. दुपटीच्या चुण्यांत एका इंचात दोन इंच कापड कोंबलेलं असतं, वर माया, वर ओव्हरलॉक. ते नुसतं रुंद दिसत नाही, टेप लावला तर रुंद भरतं. आणि चौकोनात रेघा होत्या दहा-बारा. इथं दोनच. दहा रेघांवरून डोळा सरकत जातो, दोन असल्या की प्रत्येकीपाशी थांबतो. भाची म्हणाली, "हे तू सिद्ध केलेलं नाहीस." नाही केलं. वहिनींचा फोटो दाखवला.

तिनं मग आणखी एक चित्र दाखवलं. क्रीट बेटावर नॉसॉस इथं १९०३ साली सापडलेली सापवाली मूर्ती, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, दोन्ही हातांत साप आणि अंगात झालरींवर झालरी असलेला घागरा. कमरेला घट्ट आवळलेली. मला सापांपेक्षा ती आवळलेली कंबर जास्त महत्त्वाची वाटली.

१९ जुलै

शाळेतल्या बाई. त्या अभ्र्यांचं कोडं आज सुटलं.

त्यांनी तो जुना ड्रेस घातलेला फोटो आणला होता. शिवण छातीखाली, तिथूनच चुण्या, पुढंमागं सारख्या. बाईंची छाती भरदार. कापड छातीच्या सगळ्यात पुढच्या टोकावरून सुटतं, आणि चुण्या असल्यामुळे परत अंगाशी येतच नाही. मधे कितीही कंबर असू दे, बाहेरून ती कुणाला कळायची? छातीपासून गुडघ्यापर्यंत एकच घुमट. बघणाऱ्यानं "गोड बातमी" विचारलं हे आगाऊपणाचं, पण डोळा चुकला तो कापडामुळे.

छातीखालच्या ह्या शिवणीला एम्पायर लाइन म्हणतात, हे मलाही माहीत होतं. नेपोलियनच्या काळातली. भाचीनं त्या काळातल्या झग्यांचे फोटो काढून दिले, आणि बघते तर काय, पुढची बाजू जवळजवळ सपाट! चुण्या सगळ्या पाठीमागं, मधोमध गोळा केलेल्या. कापडही पातळ मलमल, आपल्याकडची बंगालची मलमल तेव्हा तिकडं जायची. म्हणजे मूळच्या बेतात पोटावर चुण्या नव्हत्याच. घाऊक शिवताना पुढंमागं सारखं बेतणं सोपं, म्हणून त्या पुढं आल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

लगेच करून बघितलं. शिवण खऱ्या कमरेवर आणली. पुढं मधोमध ८ इंच अजिबात चुणी नाही, सपाट. त्या वाटणीच्या चुण्या दोन्ही कुशींकडं आणि पाठीत सरकवल्या. कुशीतून दोन नाड्या काढल्या, मागं बांधायला. बाजूनं फोटो काढला. पोट आहे तिथं आहे, लपलेलं नाही, पण त्याच्यावर कंबर दिसते.

उंचीचं मात्र तीन थरांनी जमेना. ४ फूट १० मध्ये कंबर, १० इंच, २१ इंच, खालची कड, असे चार आडवे काप. मला तर बाई डब्यांच्या उतरंडीसारख्या दिसल्या. मी बोलले नाही, त्यांनीच फोटो बघून "डबे" म्हटलं. दोनच थर ठेवले: वरचा १४, खालचा १८, सव्वापट. थर सारखे नकोत, खालचा मोठा हवा, हे आमच्या आईचं म्हणणं. ती परकराला खाली दोन दुमडी घालून ठेवायची, पोरगी वाढली की एकेक उसवायची. दोन्ही उसवल्या की परकर उंच दिसायचा, ते नुसत्या लांबीमुळे नव्हतं, आडव्या रेघा गेल्यामुळेही होतं, हे आज चाळीस वर्षांनी लक्षात आलं.

"पण मग माझा दोन मजलीच होणार," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचे तीन."

म्हटलं, लांबून कुणी मोजत नाही. खरं तर भिशीतल्या बायका मोजतात.

२१ जुलै

बँकेतल्या ताई. दहा मिनिटांत काम झालं. तीन थर, दीडपट, कुठल्याही रेघेवर टाचा, छानच. ७ वर तर सगळ्यात छान, कारण नसलेली सीट चुण्यांनी दिली. अशा अंगाला हा ड्रेस म्हणजे वरदान. पुढं जा.

२४ जुलै

पाऊस थांबेना. कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, एवढाच विषय गल्लीत. इशारा पातळी ४० फुटांची, अजून बरंच खाली आहे, पण २०१९ च्या महापुरानंतर कुणी तेवढ्यावर थांबत नाही. कापडाचे गठ्ठे माळ्यावर टाकले, मशीनच्या मोटरी काढून घरी नेल्या. तीन मजली बंद.

२ ऑगस्ट

पाणी उतरलं, दुकानाच्या पायरीलाही लागलं नाही. मोटरी परत बसवल्या.

आता खरं कापड. कॅम्ब्रिकवर जे बसलं ते रेयॉनवर तसंच बसेल असं नाही, म्हणून वहिनींच्या मापाचा स्कर्ट तीन कापडांत करून टांगला. पॉपलीन ताठ, चुण्या छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर. मलमल सुंदर पडते, पण अस्तर लागणार आणि कासच्या भुरभुर पावसात अंगाला चिकटणार. रेयॉन स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो, दीडपटीच्या चुण्या त्यात सव्वापटीएवढ्याच दिसतात. दिसण्याच्या बाबतीत रेयॉन पहिला.

पण रेयॉन भिजला की जड होतो आणि ओला असताना कमजोरही. समोरच्या किराणावाल्यांच्या काट्यावर ठेवला: कोरडा ३८० ग्रॅम. बादलीत बुडवून, न पिळता निथळून परत ठेवला: ८२० ग्रॅम. काट्याखाली तळं झालं. दुकानदार दादा म्हणाले, "ताई, भजी तळायला घेऊ का त्यात?" म्हणजे सकाळी ओल्या गवतातून चाललं की शेवटचा थर पाणी पिणार आणि सगळ्या शिवणी खाली खेचणार. लांबी कमी करायची ठरवली, घोट्याच्या चार इंच वर. पण पोटरीच्या मधोमध नको, तिथं पाय सगळ्यात जाड. पोटरी जिथं निमुळती व्हायला लागते तिथं कड. कासला तसंही पठारावर फुलांतून चालू देत नाहीत, पायवाटेनंच जायचं, पण पायवाटेवर चिखल असतोच.

गर्द हिरवा रेयॉन, बारीक पांढरं पान. प्रिंट बारीक हवा, मोठं फूल चुण्यांत सापडलं की चेंगरतं.

७ ऑगस्ट

चूक. माझी.

वहिनींचा ड्रेस पुरा झाला, धुऊन वाळत घातला आणि मधला थर आखूड! वरचा १३, खालचा १३, मधला ११ पाहिजे तो सव्वादहा. रेयॉन आणल्यावर रात्रभर पाण्यात ठेवायचा, वाळवायचा, मग बेतायचा, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात सांगते. ठेवलाही होता. पण मधल्या थराला कापड कमी पडलं म्हणून ताग्यातून दीड मीटर नवीन आणलं आणि तसंच बेतलं. रेयॉन लांबीत जास्त आटतो, आणि आडव्या पट्ट्यांत थराची उंची म्हणजे कापडाची लांबीच. पाऊण इंच गेला.

पाऊण इंच ऐकायला काहीच नाही. पण दोन शिवणी जवळ आल्या आणि मधला थर पट्ट्यासारखा दिसायला लागला, मांड्यांना बांधलेला. दोन्ही शिवणी उसवून मधला थर नवीन केला. पाच तास आणि माझं कापड.

उरलेला तागा आज पाण्यात. पाण्यानं हिरवा रंगही थोडा सोडला, ते बरंच झालं आत्ताच कळलं.

१६ ऑगस्ट

काकू. वय ६२, उंची पाच फूट, सगळीकडून गोल. माझ्या वहीप्रमाणं त्यांना दोन थर, सव्वापट, पुढं सपाट. मी फोटो काढून समजावून सांगायला घेतलं, तर त्यांनी वही मिटली.

"मला ते मापाबिपाचं सांगू नकोस. तीन मजली म्हणजे तीन मजली. आणि गोल फिरले की छत्रीसारखा उघडला पाहिजे."

"काकू, घेर जास्त झाला तर तुम्ही अजून रुंद दिसाल."

"मग दिसू दे की. साठ वर्षं साडीच नेसले. आत्ता कुठं फ्रॉक मिळतोय."

तीन थर, दुपट. साडेतीन मीटर रेयॉन खाली, सव्वा मीटर वर. वहीत लिहून ठेवते: माझ्या मते बरा दिसणार नाही. तरी कंबर खऱ्या जागी आणली आणि माया वर दाबली. तेवढं न विचारता केलं.

२२ ऑगस्ट

उरलेल्या तिघींची मापं बसली. एकीला खिसा हवा म्हणून थांबलं होतं. खिसा वरच्या थराच्या कुशीत, चुण्यांच्या शिवणीत घालायचा नाही, मोबाईल ठेवला की ती बाजू लोंबते.

गणपतीच्या आधी आता नवीन काही घेत नाही. चौकातल्या मंडळाचे कुर्ते ढिगानं पडलेत.

१० सप्टेंबर

सातही ड्रेस हँगरला, कड न मारता, दोन दिवस. घेर स्वतःच्या वजनानं जिथं उतरायचा तिथं उतरू दे, मग कड. काकूंचा सगळ्यात जास्त उतरला, बाजूंना अर्धा इंच. प्रत्येकीला उभं करून फरशीपासून पट्टीनं मोजत खडूच्या खुणा केल्या, कमरेपासून मोजलं नाही. पोट आणि सीट कापड वर उचलतात, कमरेपासून मोजलेली कड पुढं उचललेली दिसते.

शाळेतल्या बाई ड्रेस घालून बाजूनं, मग परत बाजूनं बघत होत्या. नाडी स्वतःच बांधली, सोडली, परत बांधली. "शाळेत घालू का?" म्हणाल्या. मी म्हटलं, घाला की. एकदा तरी त्या स्टाफरूममध्ये घाला.

कुणीही थर मोजले नाहीत. म्हणजे मोजले असतील, बोलल्या नाहीत.

१४ सप्टेंबर

दिले. शिलाई ठरल्याप्रमाणं, काकूंच्या ड्रेसचे जास्तीचे घेतले नाहीत. हट्टाचे पैसे घ्यावेत का, हा हिशेब मला जमत नाही.

२२ सप्टेंबर

कासचे फोटो आले. एकूण ६४, पैकी सातजणी पूर्ण दिसतात असे नऊच. बाकी फुलं आणि डबे.

नऊ फोटो काळेपांढरे करून बघितले. वहिनींची शिवण जिथं हवी तिथंच, पावसात भिजूनही. बँकेतल्या ताई कॅटलॉगमधल्या. शाळेतल्या बाई वहिनींच्या शेजारी उभ्या आहेत आणि बुटक्या वाटत नाहीत. खिसावालीनं शेवटी त्यात पाण्याची बाटली घातलीय, ती बाजू लोंबलीय, आता काय बोलणार.

काकूंचं मात्र मला अजून लावता येत नाही. उभ्या असलेल्या फोटोत त्या मी म्हटलं होतं तशाच दिसतात, रुंद, पट्टी ठेवून मोजलं तर सगळ्यांत रुंद. पण एका फोटोत सहाजणी कॅमेऱ्याकडं बघून उभ्या आहेत, पोटं आत, आणि काकू मधेच गोल फिरल्यात. चेहरा हललाय, हात हललेत, १९२ इंच पूर्ण उघडलाय, कडेवरून पाणी उडतंय. भाचीला दाखवला तेव्हा तिनं पहिलं बोट त्यांच्यावरच ठेवलं. मीही आधी तिथंच बघितलं होतं. माझ्या चिकटपट्टीवर, बारा फुटांवर, सगळ्या बायका स्थिर उभ्या होत्या. चालताना, फिरताना एकीचाही फोटो मी काढला नव्हता.

संध्याकाळी काकूंचा फोन. मला वाटलं वर काढलेल्या लांबीबद्दल असेल.

"दिवाळीला अजून एक कर. चार मजली जमेल काय?"

"रंग कुठला, काकू?"

"रंगाचं नंतर. आधी हे सांग, खालच्या मजल्याचा चिखल कसा काढू? चोळतेय तर पसरतोय."

म्हटलं, ओला असताना हात लावू नका. पूर्ण वाळू दे, ब्रशनं झाडा, मग गार पाण्यात. आणि पिळू नका, तसाच टांगा.